उजवा ऑल्ट, डावा ऑल्ट आणि अर्धवट निघून जाणारा मेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्या ताईंना रोज हाम्बुर्ग, ल हाव्र आणि ग्दान्स्कच्या एजंटांना मेल लिहावे लागतात. माणसांची नावं आणि पत्ते अक्षरांवरच्या खुणांसकट लिहायचे, हा त्यांचा नियम. त्यांच्या अडचणी चार. कंट्रोल-ऑल्ट-ई दाबलं की तिरक्या रेघेचा फ्रेंच ई (é) उमटण्याऐवजी एक्सेल उघडतं. जर्मन पत्त्यातला दुहेरी एस (ß) लिहायला गेलं की, उजवा ऑल्टच दाबला तरी, कधी तो नीट येतो, तर कधी अर्धवट मेल तसाच निघून जातो. घरून ब्राउझरमध्ये मेल लिहिताना ऑफिसातल्या आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या युक्त्या चालत नाहीत. आणि साध्या इंग्रजी मजकुरात अवतरणचिन्ह दिलं की पुढच्या अक्षरावर भलतीच टिंबं येतात. आयटी विभागाने नवा कीबोर्ड लावून दिला, पण फरक पडला नाही.

नव्या कीबोर्डने हे जाणार नव्हतंच, कारण यातली एकही तक्रार कीबोर्डच्या यंत्राची नाही. बटणं बरोबर दाबली जातात. दाबलेलं बटण कोणाच्या हाती जातं, तिथे गोंधळ आहे.

उत्तर सविस्तर देतो, कारण तुमचा नियम मला मनापासून पटतो. परदेशी कागदपत्रांत आपल्या ळचं काय होतं ते आपण रोज बघतो. काळ्यांचे काले होतात, टिळकांचे टिलक होतात, आणि समोरच्याने नाव नीट लिहिलं तर किती बरं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. जर्मन किंवा पोलिश माणसालाही तसंच वाटतं. तेव्हा 'खुणा सोडून द्या' हा सल्ला मी देणार नाही.

आधी मूळ कारण. कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं की ₹ उमटतो, हे मुंबईतल्या कुठल्याही अकाउंट्सवाल्याला माहीत असतं. उजवा ऑल्ट आणि ४ दाबूनही तोच ₹ येतो. याचं कारण असं की युरोपातल्या कीबोर्डांवर उजव्या ऑल्टच्या जागी ऑल्ट-जीआर नावाचं वेगळं बटण असतं. एका बटणावरचं तिसरं अक्षर त्याने काढायचं. पण सगळ्या कीबोर्डांवर ते बटण नसायचं, म्हणून विंडोजने ठरवून टाकलं की कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणं म्हणजेच ऑल्ट-जीआर. आजही ज्या लेआउटमध्ये (कुठल्या बटणाने कुठलं अक्षर उमटायचं याचा विंडोजमधला तक्ता) ऑल्ट-जीआर आहे, तिथे तुम्ही नुसता उजवा ऑल्ट दाबला तरी विंडोज आपल्या आपण एक कंट्रोल त्याला जोडून पुढे पाठवतं. ₹ चिन्ह सरकारने जुलै 2010 मध्ये स्वीकारलं, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या संगणकी यादीत आलं, आणि विंडोजच्या 'इंग्लिश इंडिया' लेआउटमध्ये त्याला याच पद्धतीने ४ च्या बटणावर जागा मिळाली. नुसता 'यूएस' लेआउट लावलेल्या मशीनवर तो येत नाही, मग बटणावर ₹ छापलेला का असेना.

याचा अर्थ, ज्या प्रोग्रॅमने कंट्रोल-ऑल्ट आणि एखादं अक्षर असा शॉर्टकट धरून ठेवला असेल, तो प्रोग्रॅम ऑल्ट-जीआर वापरणाऱ्याच्या तोंडचं अक्षर पळवतो. मायक्रोसॉफ्ट स्वतः प्रोग्रॅमरांना सांगत आलं आहे की कंट्रोल-ऑल्टचे शॉर्टकट ठेवू नका. क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनला (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमला) कंट्रोल-ऑल्टचा शॉर्टकट घेताच येत नाही, आणि त्यामागचं कारण म्हणून ऑल्ट-जीआरशी होणारी टक्करच दिलेली आहे. पण डेस्कटॉपवरचे सगळे प्रोग्रॅम हा नियम पाळत नाहीत.

आता तुमचं एक्सेल. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकट आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे 'शॉर्टकट की' नावाचा एक रकाना दिसेल. त्यात कोणी नुसतं ई दाबलं की विंडोज आपण होऊन कंट्रोल-ऑल्ट-ई लिहून टाकतं. तुमच्या आधी त्या मशीनवर बसणाऱ्या कोणीतरी सोय म्हणून एक्सेलला ते लावलं असणार. ई म्हणजे एक्सेल, यात त्यांची काही चूक नाही, पण त्यांना फ्रेंच मेल लिहायचे नव्हते. हे शॉर्टकट डेस्कटॉपवरच्या आणि स्टार्ट मेनूतल्या आयकॉनांना लागू पडतात, म्हणून दोन्हीकडे शोधा, रकान्यात जाऊन बॅकस्पेस दाबा म्हणजे 'नन' असं येईल, ओके करा, आणि एकदा साइन आउट करून परत या. स्टार्ट मेनूतल्या आयकॉनची प्रॉपर्टीज पाहायला त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्यावं लागतं. हा पहिला इलाज पाच मिनिटांचा आहे.

दुसरी तक्रार गंभीर आहे, आणि तिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आउटलुकमध्ये ऑल्ट-एस म्हणजे 'सेंड'. लिहित्या मेलमध्ये हे दाबलं की मेल गेला. तुम्ही वापरता त्या 'यूएस इंटरनॅशनल' लेआउटमध्ये उजवा ऑल्ट आणि एस म्हणजे जर्मन दुहेरी एस. जर्मन पत्त्यात रस्त्यासाठी जो शब्द येतो त्यात हे अक्षर असतंच, त्यामुळे हाम्बुर्गच्या जवळपास प्रत्येक पत्त्यात ते लागतं. म्हणजे उजवा ऑल्ट दाबला तर अक्षर, डावा दाबला तर सेंड. घाईत अंगठा डाव्यावर गेला की संपलं. घरी मॅक वापरणाऱ्यांना हा धोका दुप्पट असतो, कारण मॅकवर कुठल्याही बाजूचा ऑप्शन आणि एस दाबलं की दुहेरी एस येतो आणि बोटांना तीच सवय लागलेली असते.

पण तुम्ही लिहिलं आहे की बरोबर उजवाच दाबला तरी कधी कधी मेल जातो. हे अगदी शक्य आहे. साध्या 'यूएस' लेआउटमध्ये ऑल्ट-जीआर नावाची गोष्टच नाही. तिथे उजवा ऑल्ट हा फक्त दुसरा ऑल्ट असतो. तुमच्या मशीनवर दोन-तीन लेआउट आहेत, आणि त्यातला 'यूएस' तुमच्या नकळत चालू झाला असेल, तर तेच बोट त्याच बटणावर पडूनही मेल निघून जाईल. लेआउट नकळत कसा बदलतो? डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की. कॅपिटल अक्षर लिहिता लिहिता हे अगदी सहज होतं. विंडोज बटण आणि स्पेस दाबूनही होतं. शिवाय दूरच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करताना इकडचा लेआउट तिकडे जाऊन बसतो, ते वेगळंच.

तेव्हा आधी टास्कबारवर घड्याळाशेजारी पाहा. तिथे भाषेच्या तीन अक्षरांखाली लेआउटचं नाव असतं: इंडियासाठी 'आयएन', यूएससाठी 'यूएस', इंटरनॅशनलसाठी 'आयएनटीएल'. जर्मन पत्ता लिहिण्याआधी तिकडे नजर टाकायची सवय लावा. पण फक्त सवयीवर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं गेलात की 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' सापडतील. तिथला ऑल्ट-शिफ्टचा आणि असेल तर कंट्रोल-शिफ्टचाही बदल 'नॉट असाइन्ड' करा. आणि जो लेआउट तुम्हाला लागत नाही तो भाषेच्या यादीतून काढून टाका. माझ्या मते नको असलेला 'यूएस' काढणं हे या संपूर्ण उत्तरातलं सगळ्यात उपयोगी काम आहे. आपल्याकडे मशीन सेट करणारे 'इंग्लिश इंडिया' आणि 'इंग्लिश यूएस' दोन्ही ठेवतात, ₹ साठी एक आणि सवयीसाठी दुसरा. त्याची काही गरज नसते.

आउटलुकचा कंट्रोल-एंटरही मेल पाठवतो. तो बंद करता येतो: फाइल, ऑप्शन्स, मेल, आणि खाली 'सेंड मेसेजेस'मध्ये त्याची चौकट आहे. ऑल्ट-एससाठी तशी चौकट नाही. म्हणून दोन कुंपणं घाला. पहिलं, 'टू'चा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. उत्तर देताना तो आधीच भरलेला येतो, तेव्हा महत्त्वाच्या मेलात पत्ता कापून मजकुराच्या वर ठेवा आणि शेवटी परत लावा. दुसरं, आउटलुकच्या रूल्समध्ये पाठवलेल्या मेलसाठी 'डिफर डिलिव्हरी'चा नियम करा. तो 120 मिनिटांपर्यंत उशीर लावू देतो, तुम्हाला 2 मिनिटं पुरतील. मेल तेवढा वेळ आउटबॉक्समध्ये थांबतो आणि तिथून उघडून दुरुस्त करता येतो. आउटलुक मात्र तेवढा वेळ चालू राहिलं पाहिजे. संध्याकाळी ट्रेन पकडायची म्हणून सेंड दाबून लगेच मशीन बंद केलंत तर मेल तिथेच अडकेल आणि कट-ऑफ (कागद देण्याची शेवटची वेळ) चुकेल, हे लक्षात ठेवा. जीमेलमध्ये 'अनडू सेंड' 5, 10, 20 किंवा 30 सेकंदांचं असतं, तिथे सरळ 30 ठेवा.

तरीही मला विचाराल तर डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये ऑल्टला हातच लावू नका. त्याची गरज नाही. आउटलुक 2007 पासून मेलचा मजकूर लिहिण्याची जागा म्हणजे आतून वर्डच आहे, आणि वर्डची स्वतःची खुणांची पद्धत आहे. आधी खूण, मग अक्षर. कंट्रोल आणि एकेरी अवतरणचिन्ह एकत्र दाबून सोडा, मग ई दाबा, की तिरक्या रेघेचा ई येतो. कंट्रोल आणि एस्केपखालचं उलट्या तिरक्या चिन्हाचं बटण, मग ई, की रेघ दुसऱ्या बाजूला झुकते. कंट्रोल-शिफ्ट आणि ६ च्या बटणावरचं टोपीचं चिन्ह, मग ई, की डोक्यावर टोपी. कंट्रोल-शिफ्ट आणि विसर्गासारखी दोन टिंबं असलेलं बटण, मग यू, की जर्मन दोन टिंबांचा यू. कंट्रोल आणि स्वल्पविराम, मग सी, की फ्रेंच शेपटीचा सी. आणि तुमचा दुहेरी एस: कंट्रोल-शिफ्ट आणि ७ च्या बटणावरचं 'अँड'चं चिन्ह, मग एस. यात ऑल्ट कुठेच नाही, त्यामुळे ऑल्ट-एसचा धोका मुळातूनच जातो. मोठं अक्षर हवं असेल तर शेवटचं अक्षर शिफ्टसकट दाबायचं.

या पद्धतीलाही दोन टकरी आहेत. एक, कंट्रोल-स्वल्पविराम हा आउटलुकचाही शॉर्टकट आहे. आलेला मेल उघडून वाचताना तो दाबला की आधीचा मेल समोर येतो. लिहिण्याच्या चौकटीत कर्सर नसेल तर शेपटीचा सी राहतो बाजूला आणि स्क्रीनवर भलताच मेल उघडतो. काही हरवत नाही, फक्त दचकायला होतं. दोन, लेआउट मराठीवर असेल तर गडबड होते. इन्स्क्रिप्ट या मराठी लेआउटमध्ये एकेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर ट असतो आणि अर्धविरामाच्या बटणावर च, त्यामुळे खूण लावण्याआधी इंग्रजीवर यायचं. घरी पत्र मराठीत आणि ऑफिसात मेल इंग्रजीत असं ज्यांचं चालतं, त्यांनी त्याच ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमधली 'प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळा इनपुट' अशा अर्थाची चौकट चालू करावी. मग वर्डमध्ये मराठी आणि आउटलुकमध्ये इंग्रजी आपापल्या जागी राहतात.

पोलिशसाठी मात्र ही वर्डची पद्धत अपुरी पडते. मधून रेघ मारलेला एल, खाली शेपूट असलेले ए आणि ई यातून येत नाहीत, आणि यूएस इंटरनॅशनलमध्येही नाहीत. त्यासाठी विंडोजमध्ये 'पोलिश प्रोग्रॅमर्स' हा लेआउट आहे. त्याची बटणं आपल्या नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डसारखीच असतात, फक्त उजव्या ऑल्टसोबत ए, सी, ई, एल, एन, ओ, एस, एक्स आणि झेड ही नऊ बटणं पोलिश अक्षरं देतात. यात पुन्हा एस आलाच, म्हणजे डाव्या ऑल्टचा धोका तोच. तुम्हाला पोलिशमध्ये पूर्ण मेल लिहायचे नसून फक्त नावं आणि बंदरं लिहायची आहेत, तेव्हा तो लेआउट घालू नका. त्यापेक्षा ऑटोकरेक्ट वापरा.

ऑटोकरेक्टला लोक चुका सुधारणारं म्हणून ओळखतात, पण ठरावीक नावं रोज लिहिणाऱ्या माणसासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये मेल, स्पेलिंग अँड ऑटोकरेक्ट, तिथून ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. डाव्या रकान्यात छोटा संकेत, उजव्यात पूर्ण नाव खुणांसकट, एकदाच, एजंटच्या सहीतून कॉपी करून. मग तो संकेत लिहून स्पेस दिला की नाव उभं राहतं. संकेत निवडताना एक पथ्य पाळा. बंदरांचे कोड संकेत म्हणून घेऊ नका. 'जीडीएन' लिहिलं की ग्दान्स्क यावं असं केलंत, तर उद्या तुम्हाला कोडच लिहायचा असेल तेव्हा तोही बदलून जाईल आणि ते लक्षात येणार नाही. पहिलं अक्षर दोनदा घ्या, सहसा कोडात किंवा शब्दात न येणारा संकेत होतो. आणखी एक: नोंद ज्या भाषेखाली केली त्या भाषेच्या मजकुरात ती चालते. खिडकीच्या डोक्यावर 'इंग्लिश इंडिया' लिहिलेलं असेल आणि तुमचा परिच्छेद फ्रेंच म्हणून ओळखला गेला असेल, तर संकेत तसाच पडून राहील.

घरून ब्राउझरमध्ये मेल लिहिताना हे काहीच चालत नाही, कारण तिथे वर्ड नाही. नवं आउटलुकही आतून वेबवरचंच असल्याने कंट्रोल आणि अवतरणचिन्हाची पद्धत त्यातही धरू नका. ब्राउझरमध्ये ऑल्टच्या टकरी वेगळ्या होतात: क्रोममध्ये डावा ऑल्ट आणि ई दाबला की ब्राउझरचा मेनू उघडतो, ऑल्ट आणि डी दाबला की कर्सर पत्त्याच्या पट्टीत जातो आणि तुमचा पुढचा शब्द तिथे टाइप होतो. फायरफॉक्समध्ये लिहिण्याच्या चौकटीबाहेर कर्सर असताना एकेरी अवतरणचिन्ह दाबलं की खाली शोधाची पट्टी उघडते. जीमेलचे एकअक्षरी शॉर्टकट चालू असतील तर चौकटीबाहेर दाबलेला ई मेल अर्काइव्ह करून टाकतो. ते शॉर्टकट मुळात बंदच असतात. कोणी चालू केले असतील तर सेटिंग्जच्या जनरल पानावर ते बंद करा. वेबवरच्या आउटलुकमध्ये जनरल, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड शॉर्टकट्स इथे जीमेलसारखे, याहूसारखे किंवा पूर्ण बंद असे पर्याय आहेत. खुणांची अक्षरं रोज लिहिणाऱ्याने 'पूर्ण बंद' निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे. शॉर्टकटने वाचणारे चार सेकंद एका चुकून अर्काइव्ह झालेल्या बुकिंग कन्फर्मेशनपुढे काहीच नाहीत.

मग ब्राउझरमध्ये खुणा लिहायच्या कशा? मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या छोट्या सोयींच्या मोफत संचात 'क्विक ॲक्सेंट' नावाची सोय आहे. अक्षर दाबून धरायचं आणि स्पेस किंवा बाण दाबायचा, वर पट्टीत त्या अक्षराची सगळी रूपं येतात. सेटिंग्जमध्ये भाषा फक्त फ्रेंच, जर्मन आणि पोलिश ठेवा, नाहीतर पट्टी फार लांब होते. वेगात टाइप करणाऱ्यांनी स्पेसऐवजी बाण निवडावेत, कारण शब्दाचं शेवटचं अक्षर सुटायच्या आत स्पेस पडला की पट्टी नको तेव्हा उघडते. ते जमत नसेल तर विंडोज बटण आणि टिंब दाबून उघडणाऱ्या इमोजीच्या खिडकीत चिन्हांच्या विभागात लॅटिन अक्षरंही असतात. दिवसातून दोनदा लागणाऱ्या अक्षरासाठी तेवढं पुरतं. मॅकवाल्यांनी अक्षर नुसतं दाबून धरलं तरी पर्याय येतात, त्यांना यातलं बहुतेक काही लागणार नाही.

जुनी माणसं ऑल्ट आणि आकड्यांचा रस्ता सांगतील, ऑल्ट आणि 0233 म्हणजे फ्रेंच ई. चालतो, पण त्याला उजवीकडचा वेगळा नंबर पॅड लागतो. लॅपटॉपवर वरच्या ओळीतले आकडे ऑल्टसोबत दाबले तर ऑफिसचे प्रोग्रॅम त्याचा अर्थ वरच्या छोट्या टूलबारवरचं अमुक क्रमांकाचं बटण असा लावतात, म्हणजे अक्षराऐवजी 'सेव्ह' नाहीतर 'अनडू' होतं. नव्याने शिकणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

चौथी तक्रार म्हणजे अवतरणचिन्हानंतरची भलती टिंबं. हा बिघाड नाही. यूएस इंटरनॅशनलमध्ये अवतरणचिन्हांची बटणं थांबून राहतात. पुढचं अक्षर स्वर असेल तर त्यावर चढतात, नसेल तर सहसा स्वतः उमटतात. म्हणून दुहेरी अवतरणचिन्ह देऊन लगेच इंडिया लिहायला गेलं की पहिल्या आयवर दोन टिंबं येतात. फ्रेंचमध्ये तर ही खरी अडचण आहे, कारण तिथे एका अक्षराला एकेरी चिन्ह लावून पुढचा शब्द स्वराने सुरू होणं हे नेहमीचंच. चिन्हानंतर स्पेस दाबला की ते सुटं उमटतं, पण दिवसभर इंग्रजी लिहिणाऱ्याने ही कसरत का करावी? तुमचं रोजचं लिखाण नव्वद टक्के इंग्रजी आहे. इंग्लिश इंडियावर राहा, ₹ मिळतो, अवतरणचिन्हं नीट येतात, आणि खुणांसाठी वर सांगितलेली वर्डची पद्धत, ऑटोकरेक्ट आणि क्विक ॲक्सेंट आहेतच. इंटरनॅशनल काढून टाका. आणखी एक लाभ म्हणजे इंग्लिश इंडियात उजव्या ऑल्टने आडव्या रेघेचे ए, आय, यू येतात, संस्कृत आणि मराठी शब्द रोमनमध्ये दीर्घ स्वरांसकट लिहायला जसे लागतात तसे. काळा घोड्याच्या परिसरातल्या ग्रंथालयांत किंवा कलिन्याला विद्यापीठात काम करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांना हे आधीच हाताशी आहे, वेगळं काही बसवायला नको.

पुढे कधी नवं दुखणं आलं तर शोधायचं कसं, तेही सांगतो. तेच बटण नोटपॅडमध्ये दाबून पाहा. तिथेही अक्षर येत नसेल तर आउटलुकचा दोष नाही. मग विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि त्यावरचा उजवा ऑल्ट दाबा. बटणांवर खुणांची अक्षरं दिसली तर लेआउट ठीक आहे आणि मागे बसलेला कोणीतरी प्रोग्रॅम बटण खातो आहे: ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर, स्क्रीनशॉट घेणारा, जुनं मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये असा शॉर्टकट जो प्रोग्रॅम आधी नोंदवतो त्याला मिळतो, आणि समोरच्या खिडकीपर्यंत ते बटण पोचतच नाही. म्हणून एकेक बंद करून पाहावं लागतं. नोटपॅडमध्ये अक्षर येतं आणि आउटलुकमध्ये येत नाही, असं असेल तर कंट्रोल धरून आउटलुक उघडा, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे जोडलेले प्रोग्रॅम बाजूला ठेवून सुरू होईल. तिथे चाललं तर आउटलुकला जोडलेला एखादा छोटा प्रोग्रॅम (ॲड-इन) दोषी. ब्राउझरमध्ये हीच परीक्षा इनकॉग्निटोत करायची.

खुणा कुठे लावू नयेत, हेही तुमच्या कामात येतं. बंदरांच्या यूएन लोकोडच्या (ठिकाणांना संयुक्त राष्ट्रांनी दिलेल्या कोडांच्या) यादीत प्रत्येक नाव खुणांसकट आणि खुणांविना असं दोन्ही दिलेलं असतं, पण कोड तोच: ग्दान्स्कचा पीएलजीडीएन, न्हावा शेवाचा आयएनएनएसए. सिस्टीममध्ये आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीवर) शिपिंग लाइनने जे रूप दिलं आहे तेच ठेवा, तिथे आपला आग्रह चालवू नका. पत्र आणि मेल मात्र तुमचं आहे. डेन्मार्कच्या ऑर्हूस शहराने 2011 पासून वर गोल असलेल्या अक्षराऐवजी पुन्हा दोन ए लिहायला सुरुवात केली, तेव्हा तिथे खूण नको. स्वित्झर्लंडमध्ये दुहेरी एस वापरतच नाहीत, दोन साधे एस लिहितात. झुरिकच्या मालवाहतूक कंपनीला जर्मन पद्धतीने लिहिलंत तर उलट त्यांना ते परकं वाटेल. जर्मनीत अक्षर मिळतच नसेल तेव्हा दोन टिंबांऐवजी पुढे ई जोडणं सर्वमान्य आहे, फ्रेंच आणि पोलिशला ती सोय नाही. आणि मेल पोचल्यावर समोरच्याला खुणांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर ते दुखणं बटणांचं नाही, एन्कोडिंगचं (अक्षरं मेलमध्ये कुठल्या आकड्यांनी साठवायची त्या पद्धतीचं) आहे. आउटलुकच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-8 निवडा.

आयटी विभागाला एकच मेल पाठवा, मोघम तक्रार नको. त्यात मागणी एवढीच: इंग्लिश यूएस आणि यूएस इंटरनॅशनल लेआउट काढून इंग्लिश इंडिया ठेवावा, मराठी हवा असेल तर तो राहू द्यावा. भाषा बदलण्याच्या हॉट कीज 'नॉट असाइन्ड' कराव्यात. डेस्कटॉप आणि स्टार्ट मेनूतल्या आयकॉनांना कंट्रोल-ऑल्टचे शॉर्टकट नसावेत. पॉवरटॉइज बसवायची परवानगी द्यावी. रूल आणि ऑटोकरेक्ट तुम्ही स्वतःच करू शकता, त्यासाठी ॲडमिन हक्क लागत नाहीत. त्यांनी हे केल्यावर एक चाचणी मेल स्वतःलाच पाठवा. त्यात ₹, फ्रेंच ई, शेपटीचा सी, दोन टिंबांचा यू, दुहेरी एस आणि पोलिश एल एका ओळीत लिहा, आणि तो मेल ऑफिसात आणि घरी दोन्हीकडे उघडून पाहा.